बिनवासाचे तेल

चौकशी अहवालाच्या पहिल्याच पानावर निकालाच्या थाटात लिहिले होते: ‘संवर्धन-रक्षकाच्या हलगर्जीपणामुळे परजीवी जीर्ण होऊन त्याची प्रजननशक्ती संपली, सबब खालच्या वस्तीस पाठवलेली भुकटी निष्फळ ठरली.’

सूक्ष्मदर्शकावर तीस वर्षे घालवलेल्या बाईंना एका वाक्यात इतकी असत्ये इतक्या शिस्तीने बसलेली क्वचितच आढळली होती. रक्षक म्हणजे प्रयोगशाळेतले जिवंत नमुने वाढवणारे, जपणारे अण्णा. मुलीच्या लग्नादिवशीही हा गृहस्थ पहाटे येऊन आपल्या काचनळ्या पाहून गेला होता, त्याचा हलगर्जीपणा? जीर्ण? बशीतले तंतू तर न विंचरलेल्या जटांसारखे माजले होते. खरा होता तो एकच शब्द, ‘निष्फळ’. डासांच्या अळ्या मारायला गेलेल्या भुकटीत जिवंत काही नव्हते, आणि वस्तीत तापाने अकरा माणसे गेली. पंधरा दिवसांनी सुनावणी होती. तीत ती अकरा अण्णांच्या माथी मारली जाणार होती.

तो परजीवी बुरशीसारखा दिसतो, पण बुरशी नव्हे. अळीच्या अंगात शिरून तो तंतूंनी वाढतो. पण भुकटीसाठी वाळवले की तंतू मरतात; वाळवणे सोसणारे जाड कवचाचे बीजाणू हवे असतील तर त्याच्या नर-मादी भागांचे मीलन व्हावे लागते. त्या मीलनाचा सांगावा तेला-चरबीतल्या मेदाम्लांपासून घडलेले रेणू नेतात. खाद्यातून मेदाम्ले मिळाली नाहीत, तर सांगावा निघतच नाही.

“अण्णा, खाद्यात तेल कुठलं घालत होतात?”

“आधी माशाचं. मग ही बाटली आली.”

बाईंनी बाटली हुंगली. कसलाच वास नव्हता. चिठ्ठीवर ‘द्रवरूप पॅराफिन’.

“अहो, हे खनिज तेल! यात मेदाम्लाचा थेंब नाही.”

“मला काय कळतंय? ‘तेल ते तेल’ असं सांगितलं मला. बीजाणू दिसत नाहीत हेही मी जाऊन सांगितलं होतं. ‘तंतू आहेत ना भरपूर? धाडा,’ म्हणाले.”

“कोण? संचालक?”

अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “सगळं तोंडी, बाई. कागद कुठाय? मी नाव घेतलं की म्हणतील, म्हातारा कातडी वाचवतोय.”

“मग कागद आपण सुनावणीतच लिहून घेऊ.”

बाईंनी त्याच नळीतला जीव दोन बश्यांत पेरला. एकीत पॅराफिन घातले, दुसरीत माशाचे तेल. दहाव्या दिवशी पहिलीत नुसते तंतूच होते. दुसरीत सोनेरी, गोल, दुहेरी कवचाचे बीजाणू दाटीवाटीने बसले होते. ‘संपलेली’ प्रजननशक्ती एका चमच्याने परत आली होती.

सुनावणीत संचालकांनी दोन्ही बश्या पाहिल्या आणि ते हसले. “छान. पण तेल बदललं असेल तर ते रक्षकानंच. माझा स्वयंपाकघराशी काय संबंध?”

अण्णा खाली मान घालून बसले होते. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिले, मग अहवालाकडे, आणि सहीसाठी लेखणी उघडली.

“एक वस्तू दाखवायची राहिली,” बाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी माशाच्या तेलाची बाटली काढली, संचालकांच्या पुढ्यात ठेवली आणि शांतपणे बूच उपटले.

बंद खोलीत वास पसरायला वेळ लागला नाही. अध्यक्षांनी नाकाला रुमाल लावला. संचालक खुर्ची मागे ढकलून उभे राहिले आणि नको ते बोलून गेले.

लघुलेखकाने पेन्सिल उचलून विचारले, “हे लिहायचं का साहेब?”

“शब्दशः,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी आपल्या लेखणीला टोपण लावले.

इतिवृत्तात ते असे आहे: ‘अहो, बूच लावा त्याला! त्या दिवशी पाहुण्यांसमोर याच वासानं शोभा झाली, म्हणून तर मी ती बाटली फेकायला लावली. बिनवासाचं काहीही आणा म्हटलं, तेल ते तेल!’