मोठ्या माणसामागे एक पोर

आमच्या बांधीत फुटबॉल होत असे. बांधी म्हणजे धानाचं शेत. धान कापून झालं की पुढच्या पावसापर्यंत जमीन कडक पडून राहते, आणि चारही बाजूंना धुरे, म्हणजे उंच बांध, असल्यामुळे माणसांना बसायला आपोआप जागा होते. गोंदियाचं स्टेशन तिथून जवळ. रेल्वेतले काही बाबू एक दिवस जागा मागायला आले. मी नाही म्हणणार होतो, कारण धान उभं असतानाच आम्ही त्यात लाखोरी पेरतो, आणि खेळानं ती तुडवली गेली असती. पण माझी बायको शामकला म्हणाली, "खेळू द्या. लाखोरीची डाळ नाही खाल्ली तं माणूस मरत नाही." आणि बाबूंना तिनंच सांगून टाकलं, "जोवर खेळान तोवर बांधी तुमची."

पहिली काही वर्षं चांगली गेली. तिकीट नव्हतं. पोरं पुढं जमिनीवर बसत, मोठे मागं धुऱ्यावर. शामकला एका कोपऱ्यात उभी राहायची. तिला खेळ कळायला लागला होता. "त्या लाल सदऱ्यावाल्याले सांगा," मला म्हणायची, "एकटाच चेंडू घेऊन पळून राहिला. बाकीचे काय बारशाले आले का?"

मग कमिटी झाली. राईस मिलवाले गुलाबचंद शेठ अध्यक्ष झाले. नागपूरहून टीम बोलवायच्या ठरल्या, त्यासाठी पैसा पाहिजे, म्हणून धुऱ्यावर बांबूचे तट्टे उभे राहिले आणि तिकीट लागलं. दोन आणे, लहानमोठ्या सगळ्यांना सारखंच. पोरं त्याच वर्षी दिसेनाशी झाली.

शामकलाला याचा फार राग होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, चालते. ती म्हणायची, "मंडईत पोरं पुढं बसतात. अर्धी झोपून जातात. पण मोठी झाली की तेच दहा कोस चालत दंडार पाहाले जातात. हे शेठले कोणी सांगत काऊन नाही?" तिनं स्वतः जाऊन सांगितलं. शेठ हसले आणि चहा पाजून परत पाठवलं.

शामकला पावसाळ्यात तापानं गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. शब्द देऊन ती गेली आणि भांडायला मी राहिलो.

त्या हिवाळ्यात कमिटीच्या बैठकीला मी गेलो. जागा माझी, म्हणून मला खुर्ची मिळाली.

"पोरांचं तिकीट एक पैसा करा," मी म्हटलं.

"केवळरामभाऊ," शेठ म्हणाले, "एक पैसे में तो आजकल ढंग के फुटाने नहीं आते."

"फुटाण्यानं पोट तरी भरते. तुमच्या खेळानं काय भरते?"

माणसं हसली. शेठही हसले. मग म्हणाले, "नागपूर की टीम का किराया, खाना, सब कौन देगा?"

"मोठे देऊनच राहिले. पण आज पोरं आत आली नाही तं उद्याचे मोठे कुठून आणान? हे धुऱ्यावरचे म्हातारे गेले की कोण येईल पाहाले?"

"तब की तब देखेंगे."

तेव्हा केशोराव बोलले. ते स्टेशनवर तिकीट तपासायचे आणि सामन्याच्या दिवशी आमच्या फाटकावर उभे राहायचे. "रेल्वेत पोरांचं हाफ तिकीट राहते," ते म्हणाले. "पण लहान पोरगं एकटं गाडीत बसत नाही, सोबत कोणी मोठं राहते. आपणही तसंच करू. पोराले एक पैसा, पण मोठ्या माणसासोबत. मोठ्या माणसामागे एक पोर."

"इथं बाप पोराचं बोट धरून खेळ पाहाले नाही येत, केशोरावबाबू. बाप कामावर राहते."

"मंग सुट्टी काढून यावं. आपण बापाले मनाई केली का?"

शेठना ते फार आवडलं. नियमही झाला आणि भाऊंचा मानही राहिला, असं ते म्हणाले. मी आणखी बोलत होतो, पण लोक जोडे घालायला लागले होते.

सामन्याच्या दिवशी पोरं आली. एक पैशाचं तिकीट झालं एवढंच त्यांच्या कानावर गेलं होतं, मोठ्या माणसाचं नाही. शेतात पडलेली धानाची लोंबं वेचून, दुकानात विकून त्यांनी पैसा आणला होता. पंचवीस-तीस तरी असतील. केशोरावांनी सगळ्यांना फाटकाबाहेर थांबवलं.

"सोबत कोण आहे यांच्या?"

"मी आहो," मी म्हटलं.

"कोणाच्या सोबत?"

"सगळ्यांच्या. सगळी माही होत."

केशोराव मला बाजूला घेऊन गेले. आवाज खाली करून म्हणाले, "भाऊ, तुमाले एकही नाही हे सारं गोंदिया जाणते. सगळी तुमची, असं लिहू काय मी?" वाईट वाटावं म्हणून ते बोलले नव्हते. मी परत पोरांकडे वळलो. मग तेच म्हणाले, "एक घेऊन जा आत. कोणतंही घ्या."

त्या पोरांतून एक मी कसं निवडणार? मी तिकिटाच्या रांगेकडे गेलो. तिथं कितीतरी माणसं दोन आणे देऊन एकटीच उभी होती. मी एकेकाला म्हणू लागलो, एक पोर सोबत घे, त्याचा पैसा त्याच्यापाशी आहे, तुला काही द्यायचं नाही.

तिरोड्याकडचे यादोराव पुढंच होते. त्यांनी विचारलं, "कोणाचं होय पोरगं?"

"उदाराम न्हाव्याचं."

"घेतो. दुसरं ते कोणाचं?"

मी सांगितलं. यादोरावांनी मान हलवली. "त्याले नाही घेणार."

"खेळ पाहेपर्यंतच आपलं म्हणाचं आहे, यादोरावजी."

"म्हणाचं ते म्हणाचंच. उद्या गावात मले विचारतील."

असं पुष्कळ जणांनी केलं. आधी बापाचं नाव, मग जात. कोणी म्हणालं, हे पोर मी आत नेलं आणि हरवलं तर मी जबाबदार कायले होऊ. बाजारात भाजी विकणाऱ्या देवकाबाईची रुख्मा होती, तिला पाहून एकजण म्हणाला, "पोरीचं काय काम राहते फुटबॉलात?" रुख्माला वाटलं तिचा पैसा खोटा समजताहेत. ती तळहात पुढं करून त्याला म्हणाली, "चावून पाहा, खरा हाय."

सातआठ पोरं आत गेली. मग शिट्टी झाली आणि केशोरावांनी फाटक लावलं.

माझं तिकीट माझ्या खिशात होतं. मी बाहेरच राहिलो. पोरं तट्ट्यांच्या फटींना डोळे लावून होती, पण आतल्या माणसांच्या पाठींशिवाय काही दिसत नव्हतं. आपल्या टीमनं गोल मारला की खाल्ला तेही बाहेर कळत नव्हतं. आत ओरडणारंच कोणी नव्हतं. दोन आणे देऊन आलेली माणसं गप्प बसली होती.

"काका, कोणी मारला?" रुख्मानं विचारलं.

"मले काय माहीत, बाई."

आपण हरलो हे माणसं बाहेर पडायला लागली तेव्हा समजलं.

संध्याकाळी कमिटी बसली. शेठ म्हणाले, "भाऊ की बात रखी थी, बच्चों का टिकट करके देख लिया. आठ बच्चे आए. मतलब साफ है, बच्चों को ही शौक नहीं. अगले साल से बंद."

"बाकीची बाहेर उभी होती."

"बाहरवाले गिनती में कैसे आएंगे? टिकट तो उन्होंने लिया नहीं."

मी केशोरावांकडे पाहिलं. ते नियम लिहिलेला कागद सरळ करत बसले होते.

"पुढच्या साली माह्या धुऱ्यावर तट्टे नाही लागणार," मी म्हटलं.

"मतलब जगह नहीं दोगे?"

"जागा देईन. नाही म्हणणं माह्या हाती नाही, शामकलानं शब्द दिला. पण तिनं खेळाले दिली होती. तट्टे लावाले नाही."

"तट्टे नाही तं तिकीट नाही, भाऊ," केशोराव म्हणाले. "तिकीट नाही तं नागपूरवाले नाही. खेळच बुडंल."

"तुमचा खेळ बुडूनच राहिला. आज आतमधी कोणी ओरडलं का?"

शेठ हळूच म्हणाले, "घरवाली गई तब से आपका मन ठिकाने पर नहीं है."

"असंल," मी म्हटलं आणि उठलो.

आता पुन्हा धान कापणीला आलं आहे. कमिटीकडून निरोप नाही. नागपूरच्या टीमशिवाय, नुसते रेल्वेचे आणि मिलचे गडी खेळवा, पोरं पुढं बसू द्या, एवढंच सांगायला मी दोनदा मिलवर जाऊन आलो. शेठ आत होते. मुनीम म्हणाला, नाहीत. येताना बाजारात रुख्मा भेटते आणि खेळ कधी आहे ते विचारते. कापणी झाली की सांगतो, असं मी तिला म्हणतो. उद्या परत मिलवर जायचं आहे.