आरपार मावशीचे हात

मी एक जुनी दिव्याची पेटी आहे. मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. पण तुमच्या घरातल्या मोठ्यांपैकी कोणी कधी हाड मोडून घेतलं असेल, तर ते मला नक्की ओळखतील. डॉक्टर एक्स-रेची काळी फिल्म ज्या पांढऱ्या पेटीवर अडकवून बघायचे ना, तीच मी. पत्र्याचं अंग, दुधी रंगाचं तोंड, पोटात दोन ट्यूबलाइट आणि कपाळावर फिल्म धरायच्या तीन क्लिपा. बटण दाबलं की मी लगेच उजळत नाही. आधी तीन-चार वेळा डोळे मिचकावते आणि मगच कामाला लागते. ही माझी जन्माची खोड आहे.

माझी उमेदीची वर्षं एका लहानशा इस्पितळात, हाडांच्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. काय मान होता तेव्हा माझा! भलीभली माणसं माझ्यापुढे गोगलगायीसारखी गप्प बसत. डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून माझ्याजवळ येत आणि म्हणत, "ही बघा, इथे चीर आहे." पुढे संगणक आला. फिल्म गेल्या आणि त्यांच्याबरोबर माझी गरजही गेली. एक दिवस मी मोडक्या खुर्च्यांबरोबर भंगारात जाऊन पडले. तिथून मला एक्स-रे काढणाऱ्या बाईंनी उचललं. "चांगली धडधाकट आहे की! माझ्या लेकीला होईल," असं म्हणून त्यांनी मला चादरीत गुंडाळून घरी नेलं.

त्यांची लेक बारा वर्षांची होती. तिच्या बोटांना कायम पेन्सिलीचा काळा रंग लागलेला असे, म्हणून सगळे तिला काजळी म्हणत. काजळीने मला टेबलावर आडवं ठेवलं. माझ्यावर आवडत्या चित्रकथेचं पान, त्यावर कोरा कागद, आणि मग बटण. मी डोळे मिचकावले, उजळले, आणि त्या कोऱ्या कागदातून छपरांवरून उड्या मारणारी लाल मफलरवाली वर आली. काजळी तिच्यावर जीव टाकत असे. दोन वर्षांत तिने लाल मफलरवाली शेकडो वेळा काढली. उडताना, भांडताना, सर्दी झालेली, आणि एकदा तर गणितात नापास झालेली. वर्गातल्या मुली ती चित्रं वहीला लावायला मागून नेत. मला वाटे, चला, आपलं म्हातारपण सार्थकी लागलं.

मग एक दिवस काजळी धापा टाकत घरी आली. वाचनालयातल्या बाईंना मुलांच्या खोलीच्या दारावर मोठं चित्र हवं होतं आणि त्यांनी काजळीला विचारलं होतं. अट एकच होती. पात्र तिचं स्वतःचं हवं, दुसऱ्या कुणाच्या पुस्तकातलं नको. मुदत आठ दिवसांची.

काजळीने तीन दिवस खपून एक मुलगी काढली. निळा कोट, आखूड केस, दोन्ही हात पाठीमागे. हे हातांचं मला आधीपासून ठाऊक होतं. तिला हात काढता येत नसत, म्हणून तिने मनाने काढलेलं प्रत्येक माणूस हात खिशात घालून किंवा पाठीमागे बांधून उभं असे. आई म्हणायची, "तुझी माणसं गृहपाठ न केल्यासारखी का गं उभी असतात?"

खालच्या मजल्यावरची पाच वर्षांची पिटुकली चित्र बघायला आली. तिने मान वाकडी करून नीट पाहिलं आणि विचारलं, "ताई, हिने मफलर धुवायला टाकलाय का?"

काजळीचं तोंड एवढंसं झालं. कारण पिटुकलीचं खरं होतं. कोट निराळा असला तरी डोळे तेच होते, उभं राहणं तेच होतं. पिटुकली गेल्यावर ती आईला म्हणाली, "माझ्या डोक्यात माझं स्वतःचं काही उगवतच नाही. मी त्या बाईंना नाही म्हणून सांगणार." आणि तिने माझी वायर काढून मला कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून उभं केलं. जणू सगळी चूक माझीच होती. मित्रांनो, भंगारातसुद्धा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं.

तीन दिवस मी भिंतीकडे बघत होते. चौथ्या दिवशी दुपारी आईने मला ओढून बाहेर काढलं, धूळ पुसली, टेबलावर आडवं ठेवून चालू केलं आणि जुन्या पाकिटातली एक फिल्म माझ्या क्लिपेत सरकवली. छोटासा हात होता.

"कुणाचा हा?" काजळीने विचारलं.

"तुझाच. सहा वर्षांची होतीस. खुर्चीवरून पडलीस."

"खूप रडले का मी?"

"तू कसली रडतेस! घाबरले होते ती मीच. रोज शंभर जणांना सांगते ना, श्वास रोखा, सोडा. हाताच्या फोटोला त्याची गरजही नसते. पण तोंडातून गेलं, श्वास रोख. आणि सोड म्हणायलाच विसरले. तू बसलीस गाल फुगवून, टोमॅटोसारखी लाल!"

काजळी खूप दिवसांनी हसली. मग फिल्मजवळ डोळे नेऊन म्हणाली, "आई, बोटं तर पार मनगटापासून निघतात! मी ती तळहाताला वरून चिकटवत होते."

तिने फिल्मवर कागद धरला आणि एकेक हाड काढलं. त्यानंतर तिने माझं बटण बंद केलं. मला वाटलं, आली पुन्हा भिंत नशिबी. पण या वेळी ती रागावली नव्हती. समोर आई मटार सोलत बसली होती आणि काजळी तिचे हात बघत होती. संध्याकाळपर्यंत तिने ते हात अकरा वेळा काढले. हातांमागून बाही आली, बाहीमागून खांदे, आणि खांद्यांवर एक्स-रेच्या खोलीत घालतात तो शिशाचा जड एप्रन. बुटकी, गोल चेहऱ्याची, दोन्ही पंजे पुढे पसरून उभी राहिलेली एक बाई कागदावर आली. खाली नाव होतं, आरपार मावशी. घाबरलेल्या मुलांच्या आत काय दुखतंय ते तिला दिसतं आणि ती कुणालाही 'सोड' म्हणायला विसरत नाही.

"एवढी जाड दाखवायची काही गरज होती का?" आईने विचारलं.

"आई, तो एप्रन आहे."

"मी एप्रनच्या खालचं म्हणतेय." पण हे म्हणताना तिने दोनदा डोळे पुसले.

आरपार मावशी मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी वाचनालयाच्या दारावर लागली. पंधरा दिवसांनी पिटुकली हातात एक चुरगळलेला कागद घेऊन आली. तिने आरपार मावशी काढली होती. बटाट्यासारखं तोंड, मोठा एप्रन आणि हात गायब.

"हिचे हात कुठे गेले?" काजळीने विचारलं.

"मावशीने मागे खाऊ लपवलाय," पिटुकली म्हणाली.

काजळी हसली नाही. तिने मला उचललं, भिंतीला टेकवून सरळ उभं केलं, मधल्या क्लिपेत ते चित्र लावलं आणि बटण दाबलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा उजळून ताठ उभी होते आणि दोन माणसं माझ्यापुढे श्वास रोखून बघत होती.

मित्रांनो, आवडत्या पात्राचं चित्र खुशाल गिरवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र अधूनमधून माझ्यासारखीचा दिवा बंद करून समोर कोण बसलंय तेही बघा. आणि जुन्या वस्तूला किंवा नवशिक्या मुलाला इतक्यात निकामी ठरवू नका. बटण दाबल्यावर आमच्यातल्या काहींना आधी तीन-चार वेळा डोळे मिचकावावे लागतात. तेवढं थांबा.