अर्ज क्रमांक सतरा

ऑफिसात मला 'कलम अकरा' म्हणतात. माझ्या पाठीमागे म्हणतात, आणि मला ऐकू येत नाही असं समजतात. नगरपालिकेच्या मुलांच्या उन्हाळी शिबिराची नियमावली मी सांभाळते, आणि त्यातलं अकरावं कलम माझं स्वतःचं आहे: पालकाने अर्ज स्वतः रांगेत उभं राहून द्यावा, आणि नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याने नात्यातल्या कुणाचाही अर्ज आणू नये. चार वर्षांपूर्वी आमच्याच हेडक्लार्कच्या ड्रॉवरमध्ये नातेवाइकांचे भरून ठेवलेले अकरा अर्ज निघाले. त्याच दिवशी बाहेर अकरा बाया 'जागा संपल्या' ऐकून परत गेल्या होत्या. माझं डोकं असं फिरलं की त्याच दुपारी बसून कलम लिहून काढलं. हेडक्लार्क अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो, माझं काय अडलंय!

यंदाची बैठक दोन तास चालली, सगळी फीवर. एक सभासद म्हणाले, "फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही."

मी म्हटलं, "किंमत नसती तर उजाडायच्या आत रांग लागली असती का, साहेब?"

शेवटी उत्पन्नाप्रमाणे फीचे तीन दर ठरले, दुसऱ्या भावंडाला निम्मी, आणि पैसे यादी लागल्यावर तीन दिवसांत. जागा चाळीस, चाळिसाव्या अर्जाला खिडकी बंद. पुढचे प्रतीक्षा यादीत. ते यादी लागेपर्यंत हजर राहिले आणि एखादा अर्ज बाद झाला, तर तिथल्या तिथे त्यांचा नंबर. कलम अकराबद्दल कुणी ब्र काढला नाही. मी मनातल्या मनात फुगले.

त्याच संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला आहे, सात ते तीन. नवरा लांब बांधकामावर, सहा महिन्यांनी एकदा उगवतो. मुलगी सात वर्षांची, चिंगी. गेल्या उन्हाळ्यात चिंगीला शेजारच्या आजी बघायच्या, त्या आता मुलाकडे राहायला गेल्या.

"ताई, नोंदणी सोमवारी आहे ना? माझी सकाळची पाळी आहे गं. तू देशील का अर्ज?"

"मी? मी कशी देणार? कलम अकरा."

"अगं, एक अर्ज!"

"हेडक्लार्कचेही एकेक करूनच अकरा झाले होते."

ती म्हणाली, "पाच आठवड्यांचं शिबिर आहे, ताई. काय करू, बाहेरून कुलूप घालून जाऊ तिला?"

मी ओरडले. मी अशीच आहे, बाजू लंगडी पडली की आवाज चढतो. रजा टाक म्हटलं, पाळी बदल म्हटलं, वेळेवर विचार करायला काय होतं म्हटलं.

"कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते तुझ्यासारखीलाच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर चार दिवस मला धड बसवेना. चहा घ्यायला उठायची आणि रिकामा कप घेऊन परत यायची. फाइल उघडून काय बघायचं होतं तेच विसरायची. त्याच अवस्थेत शुक्रवारी मी नमुना अर्ज भरला.

हा नमुना अर्ज दर वर्षी मीच भरते. खिडकीच्या काचेला आतून चिकटवला की लोकांना बघून लिहिता येतं, आणि 'इथं काय लिहू' हा प्रश्न निम्मा कमी होतो. दर वर्षी मनाने एक मूल तयार करायचं, त्याला जन्मतारीख द्यायची, पत्ता द्यायचा, वर तांबड्या शाईत मोठ्ठं 'नमुना' लिहायचं. पाच मिनिटांचं काम.

सोमवारी आठला खिडकी उघडली. खिडकीवर पाणीपट्टीतून नुकताच बदलून आलेला कारकून होता. माणूस भला, पण त्याला समोर कागद दिसला की शिक्का मारायची सवय. साडेनऊच्या आत चाळीस झाले. मी गठ्ठा टेबलावर घेतला आणि तपासायला लागले. सोळा ठीक. सतरावा उचलला आणि तसाच परत खाली ठेवला.

माझं अक्षर. चिंगीची जन्मतारीख, धाकटीचा पत्ता, धाकटीचं नाव. 'मुलाविषयी काही सांगायचे असल्यास' या रकान्यात खालपर्यंत दाटीवाटीने लिहिलेलं. आणि सहीच्या जागी धाकटीची सही, शेवटी शेपूट ओढलेली, हुबेहूब. तांबड्या शाईतला 'नमुना' कुठेच नाही. वर जांभळा शिक्का: सतरा.

"हा कुणी दिला?" मी कारकुनाला विचारलं.

"इथंच टेबलावर पडला होता. म्हटलं आत सरकवून कुणीतरी मागे झालं असेल."

काचेकडे बघितलं. चिकटपट्टीचे चार तुकडे तेवढे उरले होते. उन्हाने सुटून कागद खाली पडला आणि या शहाण्याने नंबर टाकला. त्याला काय म्हणणार? काचेवर तो अर्ज मीच लावला होता. पण मी शुक्रवारी 'नमुना' लिहायचं विसरले, की मला लिहायचंच नव्हतं? देवाशपथ, मला आजही सांगता येत नाही. सही तरी कुणी चुकून काढतं का?

बाहेर बाकावर प्रतीक्षा यादीतले दोघेच उरले होते. बाकीचे कंटाळून गेले. पहिला एक रंगारी, कोपरापर्यंत चुन्याचे शिंतोडे. सकाळी तो खिडकीशी मला म्हणाला होता, "बाई, पोराला कामावर नेतो आणि शिडीखाली बसवतो. काल डबा पडला, त्याच्या डोक्यापासून एवढ्यावर." हाताने वीतभर दाखवलं होतं त्याने. आणि दुसऱ्या नंबरावर, धुलाईखान्याचा निळा डगला अंगावर तसाच, माझी धाकटी बहीण. कुणाच्या तरी हातापाया पडून अर्धी पाळी बदलून धावत आली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी आत गेले, बाहेर आले, परत आत गेले. सतरा बाद केला तर जागा रंगाऱ्याची. बाद नाही केला तर चिंगीची, आणि धाकटीला यादीत नाव दिसेल तेव्हा ती म्हणेल, ताईने केलं शेवटी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. घड्याळात अकरा वाजत आले होते, यादी बाराला लागायची होती.

शेवटी मी आमच्या खातेप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन अर्ज ठेवला आणि सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं.

मॅडमनी अर्ज वाचला, चष्मा काढला. "मूल खरं आहे?"

"हो."

"वय बसतं? पत्ता हद्दीत आहे?"

"हो, पण..."

"मग पण कसला? फी भरली की झालं. कशाला हात दाखवून अवलक्षण करताय? तो हेडक्लार्क टपूनच बसलाय." मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, इतकी वर्षं तुम्ही कुणासाठी काही मागितलं नाहीत. एक झालं तर झालं."

खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं की रडू येईल असं वाटलं. मी "बरं" म्हटलं. अर्ज घेतला, दारापर्यंत आले. दाराच्या काचेतून रंगारी दिसत होता. खिशातून घडी केलेला जन्मदाखला काढत होता, बघत होता, परत घडी करून ठेवत होता. आठ वाजल्यापासून तो तेच करत असावा.

मी परत फिरले आणि मॅडमच्या टेबलावर वाकून सतरावर काट मारली. पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावर वळ उठला. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या.

बाहेर येऊन मी म्हटलं, "सतरा नंबर बाद. प्रतीक्षा एक, आत चला."

रंगारी इतक्या घाईने उठला की बाक हलला आणि धाकटीला टेकू सोडून सावरावं लागलं. तो आत गेल्यावर ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "सतरा कुणाचा होता?"

काहीही सांगता आलं असतं. मी अर्ज तिच्या हातात दिला.

ती उभ्यानेच वाचायला लागली. माझं तोंड चालूच होतं: काचेवरून पडला, त्या कारकुनाने शिक्का मारला, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, तुझी सही मी काढायला नको होती. तिने हात वर करून मला गप्प केलं. चिंगीही तसाच हात करते.

"म्हणजे जागा मिळाली होती," ती म्हणाली.

"चुकून मिळाली होती."

"आणि तू काढून घेतलीस."

"घेतली," मी म्हटलं. "माफ कर गं."

ती तो दाटीवाटीचा रकाना वाचत होती. काय लिहिलं होतं ते मला पाठ होतं: डावखुरी आहे, कात्री डाव्या हाताची द्यावी. शेंगदाणे चालत नाहीत. रागावली की बोलत नाही, टेबलाखाली जाऊन बसते; ओढून काढू नये, आपली आपण येते. शेवटचं तिने दोनदा वाचलं, बोट परत ओळीच्या सुरुवातीला नेऊन. पण ती रडली नाही. धाकटी अशी कुणासमोर रडायची नाही.

मग तिचं बोट सगळ्यात खालच्या ओळीवर थांबलं. 'आणीबाणीत कळवायची व्यक्ती'. तिथे मी लिहिलं होतं: मावशी. पुढे माझा ऑफिसचा फोन नंबर.

"हे तूच लिहिलंस ना?"

"हो."

"मग कळवते," ती म्हणाली. "शिबिर सुरू होतं त्या दिवसापासून आणीबाणी आहे. सकाळी साडेसहा ते दुपारी साडेतीन. पाच आठवडे."

तिने डगल्याच्या खिशातून घराची किल्ली काढली, अर्जावर ठेवली, दोन्ही माझ्या हातात कोंबलं आणि उरलेली पाळी करायला पळाली. जिन्यात तिच्या रबरी चपलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला.

माझी एकशे बारा दिवसांची रजा साठलेली आहे. मी नसले तर खातं बुडेल, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या दुपारी यादी लावली, काचेवरचे चिकटपट्टीचे तुकडे नखाने काढले आणि कारकुनाकडून रजेचा अर्ज मागून घेतला. तो दचकला. "तुम्हाला?"

"मलाच. आण इकडे, आणि यावर शिक्का मारू नकोस, मी अजून भरला नाहीये."

कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते बराच वेळ सुचेना. शेवटी 'भाची' एवढंच लिहिलं आणि खाली सही केली, माझी.