लेबल काढलेल्या तीन बाटल्या

“पह्यले लेबल वाचजो, ताई. वरचं मोठं नाव नाई, खालचे बारीक अक्षरं. राय किती टक्के, पिपात किती वर्षं राह्यली, कडकपना किती. तिन्हीत जे सगळ्यात जुनी हाये, ते बापूजीले नेऊन देजो. बाकीच्या दोन कॉकटेलच्या हायेत, त्या हॉटेलात धम्मरत्नले पाठवून दे.”

भीमराज, माझा धाकटा भाऊ, हे बोलला तेव्हा त्याच्या नाकात नळी होती आणि मी त्याच्या पायांना खोबरेल चोळत होते. मी ‘हो’ म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, “हातानं देशील ना? पार्सल नाई.” मी पुन्हा ‘हो’ म्हटलं.

त्याला जाऊन सव्वा महिना झाला होता. येत्या रविवारी बापूजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. बाटली तेव्हाच द्यायची होती.

भीमराज नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात बारमागे बावीस वर्षं उभा राहिला; आता त्याच्या जागी धम्मरत्न आहे. भीमराजला तिथे शिकवलं ते बापूजींनी. ते आता दिग्रसला मुलीकडे राहतात. बारमागच्या माणसाने जिभेला लावून थुंकायचं, गिळायचं नाही, हा त्यांचा नियम. भीमराजने तो शेवटपर्यंत पाळला. आमच्या आर्णीतले लोक त्याला ‘दारू पाजणारा उपासक’ म्हणून चिडवायचे. तो हसायचा आणि पौर्णिमेला पांढरे कपडे घालून माझ्यासोबत विहारात येऊन बसायचा.

राय म्हणजे थंड देशातलं गव्हासारखं एक धान्य. त्याची व्हिस्की जरा झणझणीत असते म्हणे. हॉटेलात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांनी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या अशा तीन बाटल्या त्याने साठवल्या होत्या. तिन्ही उघडून, तपासून, बूच घट्ट लावून गेल्या वर्षीच्या दिवाळीत माझ्या कपाटात आणून ठेवल्या. म्हणाला, “बापूजीनं जनमभर दुसऱ्याईसाठी चांगलं निवडलं, ताई. त्याईच्यासाठी कोनं निवडलं? मी कबूल केलं हाये त्याईले.”

मी रोज पहाटे आंघोळ करून पाच शीलं घेते. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं नशेपासून दूर राहण्याचं. बत्तीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही; भीमराज गेला त्या दिवशीही नाही. त्या दिवशी लोक म्हणाले, बाई मोठ्या धीराची. धीर वगैरे काही नव्हता. तोंड आपोआप म्हणत होतं, मी बाजूला उभी होते. अजूनही तसंच आहे. उदबत्ती लावते, धूर दिसतो, वास येत नाही. फोडणी करपली तरी कळत नाही. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिली, म्हणाले, काही नाही, ठीक आहे सगळं.

गुरुवारी सकाळी मी कपाट उघडलं. तिन्ही बाटल्या रांगेत होत्या, कोऱ्या, काचेतून पलीकडची भिंत दिसत होती.

लेबलं मीच काढली होती. घरात बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, समोर कपाट. विहारातल्या बाया येतात-जातात. कोणी कपाट उघडलं आणि दारूचं नाव वाचलं तर, म्हणून मी भीमराज नागपूरला परतल्यावर तिन्ही बाटल्या बादलीत भिजत घातल्या. लेबलं सोलून चुलीत टाकली. तेव्हा बरं वाटलं होतं. वर्षभरात त्याने त्या पुन्हा पाहिल्या नाहीत. आणि तो लेबल वाचायला सांगत होता तेव्हा मला हे आठवत होतं, तरी मी ‘हो’ म्हटलं. आजारी माणसाला काय सांगायचं, असं वाटलं. पण खोटं ते खोटंच. आता ते खरं करायला माझ्याकडे तीन दिवस होते.

एक बाटली रुंद, एक उंच, एक जाड बुडाची. उंच बाटलीतला रंग सगळ्यात गडद. गडद म्हणजे जुनी असेल, असं ठरवून मी ती पिशवीत घातलीसुद्धा. मग भीमराजचं बोलणं आठवलं. दिवाळीत तो शेजारच्या भीमनगरातल्या पोरांना सांगत होता, “रंगावर नोका जाऊ रे. रंग फसवते. दोन थेंब तळहातावर घ्या, चोळा, मंग वास घ्या. सुकल्यावर जे राह्यते ते खरं.”

मी उंच बाटलीचे दोन थेंब तळहातावर घेतले. चोळले. हात नाकापाशी नेला. गार लागलं, बाकी काही नाही. पाणीच चोळलं असतं तरी तेवढंच कळलं असतं.

मग मी सत्यभामाबाईंकडे गेले. त्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मसाला कांडपाची गिरणी चालवतात. अर्ध्या आर्णीचं तिखट त्यांच्याकडून जातं. कोणाची मिरची गेल्या सालची, कोणी धने नीट भाजले नाहीत, हे त्या पिशवीचं तोंड उघडलं की सांगतात. गिरणी बंद करून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे तू, जयाबाई, मले दारू हुंगाले बलावून राह्यली.”

“हो.”

“आज गुरुवार हाये. उपास हाये माहा.”

“हुंगल्यानं मोडते का?”

“मले काय मालूम. आजपावतर कोनं बलावलंच नाई.” त्यांनी लुगड्याला हात पुसले. “तुह्यं ते पाचवं शील, अन् माहा गुरुवार. दोघी मिळून बाटल्या खोलतो. गावात समजलं तं भजनी मंडळातून काढतीन मले.”

“मी सांगणार नाही कोणाला.”

“सांगू नोको. पन खोटंही बोलू नोको बाप्पा, तुले जमत नाई ते. तोंड पडते तुह्यं.”

त्या माझ्या घरी आल्या. मोरीत जाऊन हात राखेने घासले, साबण नको म्हणाल्या, साबणाचा वास मध्ये येतो. मी थेंब ओतायचे, त्या चोळायच्या, हुंगायच्या. मध्ये बाहेर अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. तिथे कापसाच्या गाड्यांची धूळ होती, पण नाक मोकळं होतं म्हणाल्या.

रुंद बाटलीला त्यांनी तोंड वाकडं केलं. “हे पोरगं हाये. कच्ची मिरी, कच्ची बडीशोप. नाकाले चावते.”

उंच बाटलीला डोळ्यांत पाणी आलं. “हे कडक. लवंग अन् ओव्याचा काढा. दमदार हाये, पन अंगावर येते.”

जाड बुडाच्या बाटलीला त्यांनी तळहात दोनदा हुंगला आणि अंगणात जाऊन आल्या.

“सांगा ना.”

“थांब ना. घाई काहून करतं.” त्यांनी तळहात पुन्हा नाकाशी नेला. “पह्यले गूळ येते. मंग सागाची जुनी पेटी उघडली तसं. अन् मिरी येते सगळ्यात मांगून, हळूच. आपल्या घरची असल्यावानी.”

“मग हीच जुनी?”

“मले दारूतलं नाई समजत. मसाल्यातलं समजते. रश्श्यात टाकाचा मसाला जहाल पाह्यजे, नाईतं त्या तेलात, खोबऱ्यात तो राह्यतच नाई. वरनाले तोच टाकला तं वरन खराब. त्याले मुरलेला लागते.” त्यांनी विचारलं, “त्या कॉकटेलात काय टाके तुहा भाऊ?”

“साखर. लिंबू. बर्फ. कडू काढ्याचे थेंब.”

“मंग झालं. ह्या दोन रश्श्याच्या. हे वरनाची. म्हाताऱ्यानं नुसती घोट घोट घ्याची असन तं हेच.”

भीमराजने हेच मला कधीतरी समजावलं होतं. कॉकटेलला कडक आणि तिखट हवी, साखर-लिंबातून जिचा आवाज ऐकू येईल अशी. आणि नुसती चाखायची ती लाकडात मुरून मवाळ झालेली. मी तेव्हा तांदूळ निवडत होते, कान दिला नव्हता.

तरी मी त्यांना थांबवून घेतलं. सुकल्यावर जे राहतं ते खरं, असं तो म्हणाला होता. आम्ही अर्धा तास बसलो. त्यांचा उपास म्हणून मी शेंगदाणे भाजले. त्या उजव्या हाताने खात होत्या आणि डावा तळहात मांडीवर उताणा ठेवला होता. त्यावर तिन्ही ठिकाणं त्यांनी मनाशी धरून ठेवली होती, बोटांच्या बुडाशी, मधोमध आणि मनगटाजवळ.

मग त्यांनी हुंगलं. “दोन उडाल्या. मनगटापाशी हाये अजून. भाकर भाजल्यावानी.”

मनगटापाशी जाड बुडाची होती.

त्यांनी हात माझ्यापुढे केला. “घे, पाह्य.”

मी वाकले. मला त्यांच्या हातावरची हळदीची पिवळी रेघ दिसली, एक जुना चटका दिसला. वास आला नाही.

“येते का?”

“नाही.”

त्यांनी हात मागे घेतला. “येईन,” एवढंच म्हणाल्या आणि चपला घालून गिरणीवर गेल्या.

बाकीच्या दोन बाटल्या मी शुक्रवारी धम्मरत्नच्या माणसाकडे दिल्या. कोणती कशी आहे ते चिठ्ठीत लिहिलं. जाड बुडाची कपाटातच राहिली. तिला नाव नव्हतं. बापूजी विचारतील, कोणती आहे, किती सालाची. मला सांगता येणार नव्हतं.

शनिवारी मी कणकेची खळ शिजवली. वहीचा कोरा कागद चौकोनी कापला आणि बालवाडीत शिकवायचे तेव्हा पोरांसाठी काढायचे तसं मोठं अक्षर काढलं. मला जेवढं खरं माहीत होतं तेवढंच लिहिलं.

राय. किती टक्के, माहीत नाही. किती वर्षं, माहीत नाही. लेबल मी, जयाने, काढून जाळलं. तेव्हा भीमराजला सांगितलं नाही. निवड आर्णीच्या सत्यभामाबाई, मसालेवाल्या, यांनी तळहातावर चोळून केली. भीमराजकडून.

कागद बाटलीवर नीट बसला. एका कोपऱ्याला सुरकुती पडली ती तशीच राहू दिली.

रविवारी पहाटे आंघोळ केली. पाच शीलं घेतली. चौथ्यापाशी थोडी थांबले, पुन्हा पुढे म्हटलं. बाटली भीमराजच्या पांढऱ्या सदऱ्यात गुंडाळून पिशवीत उभी ठेवली, बाजूने जुन्या गोधडीचे दोन तुकडे लावले. उदबत्ती विझली होती. दाराला कुलूप घातलं, किल्ली सत्यभामाबाईंच्या गिरणीच्या खिडकीत ठेवली आणि दिग्रसच्या पहिल्या गाडीसाठी स्टँडकडे चालू लागले.