दहा बटणांची बँक

मालकीणबाईंच्या नातीला सगळं मिळालं होतं, एक जिभेला लगाम तेवढा नव्हता. कॉलेजात चार बुकं शिकली म्हणून भर कामाच्या वेळी शिवणखोलीत शाळा मांडून बसायचं, हे त्यांना मुळीच रुचलं नव्हतं. कापडं बेतायच्या टेबलावर तिने शर्टाची दहा बटणं मांडली. ही दहा जणींची ठेव. यातली दोन बँक गल्ल्यात ठेवते, आठ कर्जाऊ देते. एवढं सांगून झालं आणि तिचा फोन वाजला. बाईसाहेब निघाल्या गच्चीवर गप्पा मारायला.

इकडे काजं करणारीने ती दोन बटणं तळहातावर घेतली आणि विचारलं, मग बाकीच्या आठ जणींनी काय करायचं?

एकेक मशीन थांबलं. अर्धी शिवलेली बाही सुईखाली तशीच टाकून बायका चपला शोधू लागल्या. कोपऱ्यावरच्या बँकेत या सगळ्यांची खाती मालकीणबाईंनीच उघडून दिली होती, स्वतःच्या शब्दावर.

त्या घाबरल्या. पण तोंडावर काही दिसू न देता त्यांनी बायकांना झापलं, की चला बँकेत, माझे सगळे पैसे काढून दाखवते, मग तरी गप्प बसाल. सहीपुरतं शिकलेल्या बाईला यापेक्षा पक्का पुरावा सुचला नाही. पोटाला चिमटा काढून तीस वर्षं साठवलेली रक्कम त्यांनी खिडकीतून घेतली आणि पिशवी उंच धरली. बघा म्हणाल्या, आहेत की नाहीत?

मागोमाग काजंवाली पुढे सरकली. कॅशियरने तिला रिकामा गल्ला दाखवला आणि हळू आवाजात सांगितलं, आजची रोकड संपली, उद्या या.

रस्त्यावरची अनोळखी माणसंही येऊन रांगेत मागे उभी राहू लागली, कशासाठी ते न विचारता. शिपाई शटरकडे निघाला. मालकीणबाईंना तेव्हा लख्ख कळलं. बँक बुडत नव्हती, आपण तिला बुडवत होतो. अख्खा गल्ला त्यांच्याच काखेत होता.

पाय घराकडे ओढत होते. सगळं म्हातारपण त्या पिशवीत होतं. आणि परत भरूनही बायका ऐकल्या नाहीत तर? तरी त्यांनी पिशवी खिडकीतून आत सारली आणि शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात जमा करा म्हणून सांगितलं. त्यातूनच काजंवालीला तिचे पैसे मिळाले. तिने दोनदा मोजले, रांगेकडे बघितलं, पण परत काही भरले नाहीत. बऱ्याच जणी घरी वळल्या. चौघी-पाच जणी तिथेच पायरीवर बसून राहिल्या.

तेवढ्यात नात धावत आली. कर्जं हप्त्याहप्त्याने परत येतात, सगळे एकाच दिवशी मागायला येत नाहीत म्हणून तर बँक चालते, हेच पुढे सांगायचं राहिलं होतं, असं ती रडवेली होऊन आजीला समजावू लागली.

मालकीणबाईंनी तिचं मनगट घट्ट धरून तिला पायरीपाशी नेलं.

“खोटं नाही बोललीस तू. अर्धं बोलून उठलीस. आता या पायरीवर बस आणि एकेकीला पुढचं सांग. आणि आजी घाबरली होती, ते मात्र कोणाला सांगायचं नाही.”