खुडूक कोंबडीच्या रेघा

दुर्गाबाईचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: वच्छला अजून थोडे दिवस माहेरी राहिली पाहिजे. लग्नाला वर्ष झालं तेव्हा कुठं पोरगी निवांत राहायला आली, अन् आठवा दिवस उजाडला नाही तोच जावई जऊळक्याच्या स्टेशनावर गाडीतून उतरून, टेरिकॉटचा बुशशर्ट झटकत दारात उभा. आता याला काय म्हणावं! पूर्णेला रेल्वेत खलाशी, हाताशी फुकटचा पास. असल्या माणसाला यायला काय लागतं?

"जयभीम मामी," शेषराव म्हणाला. "उद्याच्या गाडीनं नेतो वच्छलाले. मायनं सांगतलं, सून आण अन् कोंबडीची पिलं आण. मानमोडीनं आमच्या साऱ्या कोंबड्या गेल्या. पिलं घेतल्याबिगर येऊ नोको म्हणे."

हे शेवटचं वाक्य दुर्गाबाईनं पदरात बांधून घेतलं. कोपऱ्यातल्या टोपल्यात तिची खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसली होती. पिलं निघायला एकवीस दिवस लागतात, अन् आज होता एकोणिसावा. म्हणजे दोन दिवसांत पिलंही गेली अन् पोरगीही गेली.

त्यात टोपल्याच्या वर भिंतीवर कोळशाच्या एकोणीस रेघा. रोज सकाळी एक रेघ ओढायची, एवढंच एक काम घरात तिच्या नवऱ्यावर, पुंजाजीवर सोपवलेलं होतं, अन् ते तो सरकारी नोकरी असल्यासारखं करायचा.

"पाय धुऊन घ्या जवाईबापू," म्हणत तिनं शेषरावला मागच्या अंगणात पिटाळलं, शेणाचा पोतेरा उचलला अन् सपासप भिंत सारवली. पाचच रेघा राहू दिल्या. भाकरी थापणाऱ्या वच्छलानं ते पाहिलं अन् परातीत मान घातली.

शेषराव आत आल्यावर दुर्गाबाई म्हणाली, "पिलं देतो ना, काहून नाही देनार? पन आज पाचवाच दिस हाये. मधात उठवली तं अंडी नासतात. सोळा दिस लागतीन. तवरोक वच्छला राहीन इथंच."

तेवढ्यात पुंजाजी वावरातून आला. बैलाकडंसुद्धा न पाहता त्यानं आधी भिंत पाहिली.

"माह्या रेघा कुठी गेल्या? एकोनीस होत्या ना वं!"

"एका दिवसाले चार चार वढल्या असतीन तुमी," दुर्गाबाई म्हणाली. "चिलीम वढली का तुमाले भान कुठी राह्यते?"

चिलीम सोडून पुंजाजीला सहा वर्षं झाली होती. तरी तो बिचारा खाली बसून विचार करू लागला.

अन् टोपल्यातून बारीक आवाज आला, "चिव्."

दुर्गाबाई खोकली. पुन्हा "चिव्." ती जोरानं खोकली, अन् चुलीपाशी वच्छलाही खोकली.

"मायलेकीले एकदमच सर्दी झाली काय?" पुंजाजीनं विचारलं. दुर्गाबाईला वाटलं, या माणसालाच टोपल्याखाली झाकून ठेवावं.

शेषराव उठला अन् टोपल्यापाशी उकिडवा बसला. कोंबडीच्या पोटाखाली हात घालून त्यानं एक अंडं काढलं, कानाशी धरलं. दुर्गाबाई खोकायची थांबली. मायच्या कोंबड्यांत लहानाचा मोठा झालेला माणूस. अंड्यातलं पिल्लू कधी बोलतं हे त्याला कोण शिकवणार? आता हा उठेल अन् पाहुण्या-सोयऱ्यांत आपली शोभा करेल.

त्यानं अंडं जपून परत ठेवलं अन् वच्छलाकडं पाहिलं. ती एकच भाकरी केव्हाची थापत होती, फाटली तरी थापत होती, अन् डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं.

"मामाजी, तुमच्या मोजन्यात चूक हाये," शेषराव म्हणाला. त्यानं अंगठ्याला थुंकी लावली अन् पाचवी रेघ पुसून टाकली.

"चारच दिस झाले. सतरा दिसांनं येतो मी."