तिचा पाय जमिनीवर होता

मी एक जुना पायडल आहे, मित्रांनो. सायकलचा नव्हे. त्याच्यावर पाय ठेवायला तुम्ही धावत याल. मी प्रेसचा. प्रेस म्हणजे पत्रा कापणारं यंत्र. आमच्या कारखान्यात त्यातून डब्यांची झाकणं निघतात. पाय पडला की मी दबतो, मी दबलो की वरचं लोखंड धाडकन खाली येतं; याला आम्ही 'प्रेस पडली' म्हणतो. ते पुन्हा वर गेलं की झाकण उचलायचं. एवढाच माझा संसार.

आधी नावाचं सांगतो. फार लांबच्या एका देशात, आता कुणाच्या घरात बोलली जात नाही अशा भाषेत पायाला 'पेस' म्हणत. त्यातून 'पेडल' निघालं. आधी ते मोठ्या वाद्यांखाली बसलं, मग सायकलीला लागलं, मग यंत्राखाली आलं. आपला 'पद' आणि 'पाय' त्या पेसचे दूरचे चुलतभाऊच. म्हणून असेल, आपल्या माणसांनी त्या परक्या शब्दात बेधडक पाय घातला आणि माझा 'पायडल' करून टाकला. विणकरांच्या मागाखाली माझी भावंडं आहेत, त्यांना 'पावडी' म्हणतात. कुठंही जा, माझ्या नावाला पाय चिकटलेलाच. आणि तेच एका बाईच्या मुळावर आलं. प्रेस पडली, म्हणजे पाय पडला असणार. एवढ्यावर लोकांनी विचार थांबवला.

माझ्या डोक्यावर पूर्वी लोखंडी टोपी होती. पुढून उघडी, वरून बंद. मुद्दाम पाय आत घातला तरच मी दबायचो. वरून काही पडलं तर टोपी ते झेलायची. प्रेसवर बसणारी बाई मला जुन्या फडक्यानं पुसायची, तेल द्यायची. "माझ्या पायाखालचा आहे, पण माझ्याआधी दमतो," म्हणायची. माझं तेवढंच कौतुक झालं, पण मनापासून झालं.

मग फोरमनला घाई सुटली. "दर वेळी पाय आत, पाय बाहेर! लंगडी खेळताय का?" म्हणत त्यानं टोपी काढली आणि आपल्या खोलीच्या दाराला अडसर म्हणून लावली. दार वाऱ्यानं आपटू नये याची काळजी त्याला होती.

आमच्याकडे एक रीत होती. कापायच्या पट्ट्या वाकू नयेत म्हणून सगळेच त्यांची चळत प्रेसच्या पायाला टेकून उभी करायचे. यंत्र थरथरलं की चळत घसरायची. टोपी होती तोवर ती टोपीवर आपटायची आणि सगळे हसायचे. टोपी गेली, रीत तशीच राहिली. एका दुपारी चळत घसरली ती थेट माझ्यावर. बाईचा उजवा हात तेव्हा झाकण उचलायला लोखंडाखाली होता.

दोन बोटं गेली.

फोरमन धावत आला तेव्हा पट्ट्या इतस्ततः पसरल्या होत्या आणि बाई किंचाळत होती. "तुझाच पाय पडला असणार," तो म्हणाला. सगळ्यांनी मान हलवली. पुढे तीही म्हणायला लागली, "माझाच पाय पडला असेल."

नाही पडला! मी सांगतो ना! मित्रांनो, त्या पायाचं वजन मला माझ्या वजनाइतकं ठाऊक होतं. तो पाय जमिनीवर होता.

पण पायडलाला कोण विचारतो?

बोटं गेल्यावर तिला कारखान्याच्या दाराशी झाकणं निवडायला बसवलं आणि प्रेसवर तिची भावजय आली. तेव्हापासून मला झपाटल्यासारखं झालं. इकडे प्रेस पडली की तिकडे दाराशी तिचा पाय जमीन दाबायचा आणि उजवा हात झटक्यानं मागे यायचा. तिथं ना यंत्र, ना मी. तरी दर वेळी तिचं वजन माझ्या अंगावर आल्यासारखं वाटायचं. ती स्वतःच्या पायाची परीक्षा घेत होती. पडला होता का? की नव्हता?

"वन्सं, पाय आवरा हो," भावजय ओरडायची. "तुमच्याकडे बघून मला कापरं भरतं."

"तू माझ्याकडे बघूच नकोस, वहिनी. हाताकडे बघ. दादाला हात असलेली बायको लागते, पोळ्या कोण लाटणार त्याच्या?"

"लाटतील तेच! तुमचे लाडके बंधू पाणी तापवतात तेही करपतं."

असंच हसत एके दिवशी भावजय पाणी प्यायला उठली. मोटर चालू होती. चळत थरथरली, कलली आणि माझ्यावर कोसळली.

खाड्! रिकाम्या स्टुलासमोर प्रेस पडली.

भावजयीच्या हातातला पेला तसाच राहिला. कुणीतरी पुटपुटलं, "भूत!"

फोरमननं तेच धरलं. "मशीनच झपाटलंय. लिंबू-बिंबू बांधून घेऊ."

दाराशी बसलेली बाई उठली. सावकाश चालत आली आणि पट्ट्यांखाली दबलेल्या माझ्याकडे बघत राहिली. "इथं पाय कुणाचा आहे?" तिनं विचारलं. "सांगा की. कुणाचा पाय पडला?"

"अगं, जुनं कशाला उकरतेस?" फोरमन म्हणाला.

"माझी बोटं जुनी नाहीत. रोज सकाळी नव्यानं जातात."

ती त्याच्या खोलीकडे गेली आणि दाराखालची टोपी ओढून काढली. दार मागे आपटलं. तीन बोटांच्या हातानं तिनं टोपी माझ्यावर बसवली. भावजयीनं पान्हा आणला आणि बोल्ट आवळले. फोरमननं तोंड उघडलं तशी भावजय म्हणाली, "टोपी निघाली तर मीही निघाले. मग बसा तुम्हीच लंगडी खेळत."

ती दाराशी जाऊन बसली आणि प्रेस पुन्हा सुरू झाली. मी दाराकडे कान लावला. तिकडचा पाय हलला नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल द्या, तेवढं पुरे. पण एखाद्या जखमी माणसाला कुणी "तुझंच चुकलं असणार" म्हणालं, तर गप्प बसू नका. आधी विचारा, टोपी कुणी काढली?